बाहेरून कडी नसलेलं दार

आये,

आज विंचूरच्या बाजारातून कुलूप आणलं. दुकानदारानं विचारलं, "दाराला पाहिजे का कपाटाला, ताई?" मी म्हटलं, दाराला. घरी येऊन पिशवीतून काढलं, दारापाशी गेले आणि तेव्हा ध्यानात आलं की आपल्या दाराला बाहेरून कडीच नाही. इतकी वर्षं या दारातून ये-जा केली, पण ते बाहेरून लावायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे हात त्या जागी कधी गेलाच नाही. कुलूप हातात घेऊन मी नुसतीच उभी राहिले. आप्पा बाजेवरून बघत होते.  दाराला कडी नाही हे त्यांना ठाऊक होतं. कुलूप आण असं सांगतानाही ठाऊक होतं.

तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. आता मी सातवीच्याच मुलांना शिकवते, नाशिकला, गंगापूर रोडच्या मागच्या बाजूला एका खासगी शाळेत. आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, असं आप्पा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. आता त्यांच्या घशात गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिने रोज लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यावी लागेल, एक दिवस चुकवायचा नाही, आणि नंतरही दवाखान्याच्या जवळपासच राहायला लागेल. इथून, माळावरून, रोजची ये-जा त्यांना झेपणार नाही. मी तळमजल्यावरची एक खोली बघून ठेवली आहे. चार वाजता जीप येईल. तू पहिल्यांदा इथे चूल मांडलीस त्यानंतर एकच दिवस हे घर रिकामं राहिलं होतं. आज चारनंतर ते पुन्हा रिकामं राहील. माळावर रिकाम्या घराचं काय होतं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही, म्हणून हे दुसऱ्या कुणाला न लिहिता तुला लिहिते आहे.

तू माळावर आलीस तेव्हा मी इतकी लहान होते की त्यातलं माझं आठवणं किती आणि आप्पांनी, शेजारच्या मावशीनं सांगितलेलं किती, हे आता वेगळं काढता येत नाही. गावाच्या खालच्या अंगाला आपली वस्ती. एका खोलीत मधोमध साडीचा पडदा. अलीकडे आपण, पलीकडे थोरली काकू. तू विंचूरला व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायचीस. गावाच्या वर गायरानाचा माळ होता, मुरुमाचा, कुसळी गवताचा, चार बोरी आणि बाभळींचा. ज्यांना जमीन नाही त्यांनी तिथे जाऊन कसायला लागावं, असं विहारात पुरुषांचं बोलणं चालायचं. पावसाळा गेला, हिवाळा गेला, सगळे म्हणत होते, जाऊ. एका सकाळी तू चुलीचे तीन दगड घमेल्यात घातलेस, वर तवा ठेवलास, मला काखेत घेतलंस आणि निघालीस. काकू दारात आली.

"कुठं निघाली गं घरदार डोक्यावर घेऊन?"

"माळावर."

"माळावर कोल्हे राहत्यात, माणसं नाय."

"त्यांना इचारून आले. या म्हणले."

हे कोल्ह्यांचं मावशी अजून सांगते आणि सांगता सांगता हसते. त्या दिवशी तू एका बोरीखाली दगड मांडून भाकरी भाजलीस. संध्याकाळी आप्पा हमाली करून आले तर घरात बायको नाही. काकूनं वर बोट दाखवलं. माळावर धूर दिसत होता, त्याच्या मागावर ते चालत आले. तुमचं काय बोलणं झालं ते आप्पांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच सांगतात की भाकरी करपली होती आणि त्यांनी ती खाल्ली. मग मावशीचं घर आलं, मग आणखी काही. सभेत बोलणारे सगळ्यात शेवटी आले.

नंतरचं मला माझ्या डोळ्यांनी आठवतं. तू दगड वेचते आहेस. वेचलेल्या दगडांचा उताराला आडवा बांध घालते आहेस, म्हणजे पावसाचं पाणी आणि त्याच्याबरोबर येणारी चिमूटभर माती अडावी. उन्हाळ्यात पाझर तलाव आटला की त्यातला काळा गाळ घमेल्यानं वर आणते आहेस आणि मुरुमावर पसरते आहेस, भिंतीला पोतेरा द्यावा तसा, सावकाश, कोपरे न सोडता. माती जन्माला घालावी लागते हे मी कुठल्याही पुस्तकात वाचण्याआधी बघितलं होतं. पहिल्या वर्षी हुलगे झाले, तेही मूठभर. तू ते मडक्यात घालून ठेवलेस, कुणाला खाऊ दिले नाहीस.

त्या सालची चौदा एप्रिलची जयंती आली. तेव्हा आपली झोपडी पाचटाची होती. सगळी वस्ती खाली मिरवणुकीला गेली, तूही पांढरी साडी नेसून मला घेऊन गेलीस. दुपारी परत आलो तर माळावरची एकही झोपडी उभी नव्हती. मेढी उपटून बाजूला रचून ठेवल्या होत्या, अगदी नीट. कुणी पाडलं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चूल पेटायच्या आत, चौकशीला माणूस आला, तेव्हा गावातला एक जण त्याला म्हणाला, "इथं कोण राहत नव्हतं साहेब, मोकळ्या खोपटी होत्या. बघा ना, चूलसुद्धा थंड हाय." त्या माणसानं वाकून राखेत बोटं घातली. राख थंडच होती. तू समोर उभी होतीस, मी तुझा पदर धरून.  मेढी परत रोवल्यास, चूल पेटवलीस आणि त्या दिवसानंतर ती थंड होऊ दिली नाहीस.

लोकांना वाटलं, चार दिवसांचं असेल. तू खळ्यावर जाणं सोडलंस. आप्पांनी दोघांची हमाली करायची आणि तू जागा धरायची, असं ठरलं. स्वयंपाक असो नसो, तिन्ही वेळा धूर व्हायचा. घरात पीठ नसेल त्या दिवशीही तू थोड्या ओलसर गोवऱ्या घालायचीस, म्हणजे धूर दाट निघतो आणि खालच्या गावातून दिसतो. मावशी चेष्टा करायची, "बाईच्या घरी आज जेवणावळ दिसते! आम्हाला आवतन नाय?" तू म्हणायचीस, "पोट भरायची चूल येगळी, जागा धरायची येगळी."

मग दगड-मातीच्या भिंती झाल्या, वर पत्रे आले. गावात कुणाचं तरी जुनं घर उतरवत होते, तिथलं दार आप्पांनी डोक्यावर आणलं. त्याला आतून-बाहेरून कड्या होत्या. मिस्त्री दार बसवत होता तेव्हा तू त्याला म्हणालीस, "भाऊ, बाहेरची कडी काढून टाका."

"का बरं वहिनी? चांगली लोखंडी हाय."

"बाहेरून लावायला आत कोण नसणार हाय का?"

"अहो, पण बाहेरून कडी नाय असं घर मी आजवर बांधलं नाय."

"मंग आज बांधा."

त्यानं कडी उपटली. तिची दोन भोकं अजून आहेत. तू त्यात माती भरली होतीस. आज मी ती बोटानं कोरून बघितली, तर माती निघेना.

चौथीच्या परिसर अभ्यासात चुलीच्या धुराचा धडा होता. एक बाई चुलीपुढे खोकते आहे असं चित्र. मी ते तुझ्यापुढे धरलं आणि शाळेत सांगतात तसं सांगितलं, की धुरानं छाती खराब होते, डोळे जातात. मला वाटलं होतं तू म्हणशील, हुशार गं माझी बाई. तू चित्राकडे बघितलंस आणि म्हणालीस, "या बाईच्या नावावर सातबारा असंल. तिला म्हण चूल इझव." आणि फुंकणी उचललीस. तेवढं एकदाच तू मला पुस्तकावरून बोललीस. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर घराच्या उगवतीला एक चपटा मोठा दगड आणून ठेवलेला. "हितं बस वाचायला. थंडीत धूर मावळतीला जातो, हितं येत नाय." उन्हाळा लागला, वारा फिरला, तेव्हा पहार लावून तू तो दगड मावळतीला सरकवलास. पुन्हा हिवाळ्यात उगवतीला. वर्षातून दोनदा तू माझ्यासाठी दगड हलवायचीस आणि स्वतः धुरात बसायचीस. तेव्हा मला हे फक्त सोयीचं वाटायचं. आता त्याच्याबद्दल काय वाटतं ते लिहिता येत नाही.

झोपड्या पाडल्या त्यानंतरच्या एकाही जयंतीला तू खाली आली नाहीस. पांढरी साडी मात्र नेसायचीस. बांधावर उभी राहून मिरवणूक बघायचीस, खालून वाजंत्री ऐकू यायची आणि निळे झेंडे मुंग्यांएवढे दिसायचे. मला पाठवताना म्हणायचीस, "माझ्या वाटचंबी चाल." मी खरंच दुप्पट चालायचे, मिरवणुकीच्या पुढून मागे, मागून पुढे पळायचे. तुझी आई, माझी आजी गेली तेव्हाही तू अंत्यविधीला जाऊन संध्याकाळच्या आत परत आलीस, आणि तेवढा वेळ मावशीला इथे बसवलं होतंस. मामा किती दिवस बोलला नाही. तू म्हणालीस, "बोलंल. घर उभं राहिलं तर सगळे बोलत्यात."

शेवटच्या हिवाळ्यात तुझा खोकला उठता-बसता होऊ लागला. आप्पांनी तुला जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नाशिकला मोठ्या दवाखान्यात भरती करा, उशीर करू नका. आप्पा म्हणाले मी घरी बसतो, मावशी म्हणाली मी बसते. पण त्याच आठवड्यात गावात आवई उठली होती की गायरानाची मोजणी येणार आहे. तू म्हणालीस, आधी मोजणी होऊ दे, मग जाऊ. जो तो येऊन समजावून गेला. तू एकच धरून बसलीस, "ज्याचं घर त्यानं दारात पाहिजे. दुसऱ्याला उभं केलं तर म्हणतील भाड्यानं माणूस ठेवलाय." दगड त्या वर्षीही तू सरकवलास, मधे दोनदा बसून. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. मोजणी आली नाही. आये, ती आजपर्यंत आलेली नाही.

माघातला दिवस होता. शाळा सुटल्यावर आम्ही फाट्यापासून चालत यायचो. रस्ता जिथे वळतो तिथून आपलं घर पहिल्यांदा दिसतं, आणि घराच्या आधी धूर दिसतो. माझी सवय होती, वळणावर मान वर करायची. त्या दिवशी केली. पत्र्यांच्या वर आभाळ स्वच्छ होतं. मी पळाले नाही. माझ्याबरोबरच्या मुली पुढे गेल्या, मी हळूहळू चालत राहिले, कारण मला कळलं होतं, आणि पोचेपर्यंत ते न कळल्यासारखं ठेवता येत होतं. तू उंबऱ्याला टेकून बसली होतीस. फुंकणी मांडीवर होती.

आपल्यात सुतक पाळत नाहीत, असं विहारातले भन्तेजी सांगतात, तरी मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, ही जुनी सवय अजून सुटलेली नाही. तुला न्यायला निघाले तेव्हा मावशी मागे राहिली. काकूनं विचारलं, "तू नाय येत? जलमभराची जोडीदारीण तुझी." मावशी म्हणाली, "तुम्ही तिला घेऊन जा. मी तिचं घर बघते." आम्ही परत आलो, वळणावर आलो, आणि आप्पा थांबले. घरातून धूर निघत होता, दाट, ओल्या गोवऱ्यांचा. काकू कपाळाला हात लावून म्हणाली, "मयताच्या घरात चूल! काय म्हणावं या बाईला." आप्पा रस्त्यात खाली बसले आणि तेव्हा पहिल्यांदा रडले. मी त्यांच्याकडे बघत होते. धुराकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून मी वळणावर मान खाली घालते आणि बोरीपाशी आल्यावरच वर करते.

तू गेल्यावर आप्पांनी हमाली सोडली. मला वसतिगृहात घातलं आणि स्वतः चुलीपाशी बसले. कोंबड्या पाळल्या, दोन शेळ्या, तुझ्या मातीत बाजरी आणि मटकी. घरात सिलिंडर आला तरी चूल बंद झाली नाही. माझा मात्र वेगळ्याच गोष्टीवर विश्वास होता. मला वाटायचं, मी शिकेन, कायदा वाचेन, साहेबांसमोर नीट मराठीत बोलेन, आणि ही जमीन तुझ्या नावावर होईल. माझ्या नाही, तुझ्याच. मी बोललेही. समोरच्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि सांगितलं की तुम्ही माळावर फार उशिरा आलात; सरकारनं ठरवलेल्या सालाआधीच्या लोकांचं नावावर झालं, तुमचं अतिक्रमणच राहणार. अजूनही मी जात असते, आणि न्याय होतो असं मुलांना शिकवते; ते खोटं शिकवते असं मला वाटत नाही. पण आता माळावर सोलरच्या प्लेटा बसणार असं ऐकू येतं, आणि जिथे कुणी राहत नाही ती जागा आधी घेतात म्हणे.

म्हणून आप्पा ऐकत नव्हते. "तुझी आय मेली, पण घर उघडं नाय टाकलं तिनं. मी कसं टाकू?" मी महिनाभर समजावलं, रिपोर्ट दाखवले, डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "आप्पा, आई घर धरून बसली म्हणूनच मेली." बाहेर शेळी ओरडत होती. तिला पाणी हवं होतं, आणि आम्ही दोघंही उठलो नाही. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कुलूप पितळी आण. लोखंडाचं गंजतं." माझं ते वाक्य खरं आहे की नाही, आये, मला अजून माहीत नाही. पण त्या वाक्यानं आप्पा जगायला तयार झाले, म्हणून मी ते परत घेणार नाही. तू रागावलीस तरी.

मघाशी मावशी आली होती. तिचा मुलगा विंचूरला वाइनच्या कारखान्यात लागला आहे, खोली घेऊन राहतो, आईला ये म्हणतो. ती जात नाही. शेळ्या मी तिला दिल्या. तिनं दाराकडे बघितलं, कुलूप बघितलं आणि हसली. "तुझ्या आयनं तुला लॉक करून ठेवलं बघ, बये." मग पदर खोचत म्हणाली, "मी हाय ना. रोज येऊन चूल पेटवीन. धूर दिसल्याशी मतलब." तिला आता बांधापलीकडचं दिसत नाही. बोलता बोलता ती दोनदा खोकली.

"नको मावशी," मी म्हटलं. "एका घरासाठी एक बाई पुरे झाली. जमीन जायची तर जाऊ दे, मी भांडेन. पण धुरात बसून कुणी ती राखायची नाही."

"भाषण करते का मला?"

"करते."

"मास्तरीण झाली खरी." ती माझ्या तोंडावरून हात फिरवून, शेळ्यांची दावी धरून गेली. जाताना एकदा वळून म्हणाली, "आप्पाला जप. आणि दार दाव्यानं बांध, वारं लय हाय."

दार मी दाव्यानं बांधणार आहे. कुलूप कोनाड्यात ठेवलंय. हे मी त्या दगडावर बसून लिहिते आहे. तू शेवटचा सरकवलास तेव्हा तो उगवतीला आला आणि नंतर तो कुणी हलवला नाही, आप्पांनीही नाही, मीही नाही. आता वैशाख आहे, वारा मावळतीचा आहे आणि धूर सरळ माझ्या तोंडावर येतो आहे.

हो, धूर. हेच सांगायचं राहिलं होतं. मावशी बांधाआड गेल्यावर मी चूल पेटवली. आधी सुक्या गोवऱ्या, वर ओल्या, तू घालायचीस तशा, म्हणजे बराच वेळ चालेल. आप्पांनी बघितलं. त्यांना वाटलं असेल, त्यांच्यासाठी पेटवली, जीपमधून मागे वळून बघता यावं म्हणून. मी तसंच वाटू दिलं. पण ती मी माझ्यासाठी पेटवली आहे. आज वळणावर मला मान वर करायची आहे.